सभेने एकमताने ठरवले की

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट बरेच दिवस ताटकळत उभी होती. 'अपडेट तयार आहे. आता रीस्टार्ट करायचं का?' एवढंच तिचं म्हणणं. सासुरवाडीला शनिवारी दुपारी जेवून सुस्तावलेल्या जावयाला तिची दया आली.

जावई एका विमा कंपनीत नोकरीला होता. तिथे प्रिंटर अडला की सगळे त्यालाच हाक मारत. तो प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करी. त्याला तेवढंच येत होतं, पण बहुतेक वेळा तेवढ्यावर भागत असल्यामुळे आपल्याला यंत्रातलं कळतं असा त्याचा समज झाला होता आणि कचेरीतल्या कुणी तो खोडून काढला नव्हता.

कीबोर्डवर पुठ्ठ्याचा एक तुकडा आडवा ठेवलेला होता. त्यावर सासऱ्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'सभेचे काम चालू आहे. हात लावू नये.' जावयाने ते नीट वाचलं आणि वाचल्यामुळेच कीबोर्डला हात लावला नाही. माउस पुठ्ठ्यापासून चांगला वीतभर लांब होता. त्याने माउस धरला आणि चौकटीला 'हो' म्हटलं.

संगणक समजूतदार होता. त्याने विचारलं, 'एक फाईल सेव्ह केलेली नाही. तरीही रीस्टार्ट करायचं?' 'तरीही' हा शब्द दिसला की शहाणी माणसं थांबतात. पण जावयाच्या कचेरीत 'तरीही' दाबल्याशिवाय कुठलंही काम पुढे सरकत नसे. त्याने सवयीने 'तरीही' दाबलं.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. मग पुन्हा सगळं उजळलं, आणि जावई 'कसं झटपट झालं' असं मनात म्हणतोय तोच स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला.

"जावईबापू, त्या मशीनला हात नाही ना लावलात? ह्यांचं सभेचं आहे त्यात. मंजूर होईपर्यंत ते सेव्ह करत नाहीत हो!"

त्याच क्षणी पडद्यावर नवी चौकट आली. 'एक जुनी प्रत सापडली आहे. ठेवायची का?' घाबरलेल्या माणसाचा हात मेंदूच्या आधी पोचतो. जावयाने 'नाही' दाबलं. चौकटही गेली.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण ते अजून जिन्यात होते आणि वर यायला त्यांना वेळ होता.

सासरे म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. बाजारातल्या दुकानांत जायचं, तराजू उचलायचा, वजनं तपासायची, खोटं निघालं की जप्त करायचं, अशी त्यांची सारी नोकरी झाली. सख्ख्या मेहुण्याच्या किराणा दुकानातला काटा त्यांनी एका सकाळी जप्त केला आणि संध्याकाळी ठरल्याप्रमाणे त्याच मेहुण्याकडे जेवायला गेले. मेहुणा ताटावर बसून गप्प होता. सासऱ्यांनी आमटी मागून घेतली आणि तिची तारीफही केली. सकाळचं सकाळी आणि संध्याकाळचं संध्याकाळी, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. सासूबाई मात्र ते जेवण आजतागायत विसरलेल्या नाहीत.

मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी होणाऱ्या जावयाला पगार, घर, काही म्हणजे काही विचारलं नाही. त्याच्या मनगटाकडे बघून म्हणाले, "घड्याळ किती पुढे ठेवता?"

"पाचच मिनिटं," जावई म्हणाला. त्याला वाटलं, वक्तशीर म्हणून आपला भाव वधारेल.

"म्हणजे खोटं दाखवतं," सासरे म्हणाले, आणि चहा प्यायले. लग्न झालं, संसार सुखाचा चालला, पण त्या घड्याळाचा विषय अजून मिटलेला नाही असं जावयाला दर भेटीत वाटे. सासऱ्यांच्या वहीत आपल्या नावापुढे कुठेतरी बारीकशी फुली आहे, आणि ती एकदा तरी खोडली जावी, एवढीच त्याची इच्छा होती. संगणक अपडेट करून द्यावा, हाही त्यातलाच विचार.

निवृत्त झाल्यावर सासऱ्यांना इमारतीच्या सोसायटीने कार्यवाह केलं. इमारतीतले लोक तोंडावर त्यांना कार्यवाह म्हणत आणि पाठीमागे काटा म्हणत. सभेचं इतिवृत्त म्हणजे सभेचा काटा, आणि तो एका बाजूला झुकला तर सभा खोटी, असं त्यांचं मत होतं. म्हणून ते सगळं लिहीत. कोण काय बोललं ते लिहीत, कोण कधी खाकरलं ते लिहीत. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर झालेल्या एका चर्चेत 'यावर सदस्य हसले, अध्यक्ष हसले नाहीत' अशी नोंद आहे, आणि ती खरी आहे.

पण एकदा घात झाला होता. मंजूर न झालेला कच्चा मजकूर कुणाच्या तरी हाती लागला, त्याने तोच ठराव म्हणून जिन्यात सगळ्यांना वाचून दाखवला, आणि दोन मजले एकमेकांशी बोलायचे थांबले. तेव्हापासून सासऱ्यांनी नियम केला. सभेत पेन्सिलीने टिपणं घ्यायची. ती संगणकावर उतरवायची. एक कागद उतरवून झाला की तो फाडायचा. एका सभेची दोन इतिवृत्तं जगात असता कामा नयेत. आणि संगणकावरचा मजकूर सगळ्यांसमोर वाचून मंजूर होईपर्यंत सेव्ह करायचा नाही. तोवर संगणक रात्रंदिवस चालूच ठेवायचा. यंत्र आपणहून मधूनमधून प्रत ठेवतं असं कळल्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून ती सोय बंद करून घेतली होती.

"काका, ही चांगली गोष्ट आहे हो. लोक पैसे देऊन चालू करून घेतात."

"माझ्या परवानगीशिवाय कुणी काही ठेवायचं नाही," सासरे म्हणाले होते. कॉम्प्युटरवाल्याने कपाळाला हात लावला आणि बंद करून दिली होती.

तर ते सासरे जिना चढून वर आले. ते खुशीत होते. खुशीत असले की ते चपला काढून जोडी सरळ लावत. एरवीही सरळच लावत, पण आज अंमळ सावकाश.

"सांगून आलो," ते सासूबाईंना म्हणाले. "ड्रायव्हरकाकूंना म्हटलं, लिहून झालं. उद्या सकाळी वाचतो, मंजूर करून घेतो, दुपारी गवंडी येऊ दे."

मग त्यांची नजर पडद्यावर गेली. पडद्यावर एका डोंगराचं चित्र होतं.

"माझं कुठाय?" ते म्हणाले.

जावई उठून उभा राहिला. "बाबा, ते अपडेट बाकी होतं. मी फक्त रीस्टार्ट…"

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली. पण पाटी कीबोर्डवर होती बाबा. मी माउस वापरला."

सासऱ्यांनी पुठ्ठा उचलला, उलटसुलट केला आणि पुन्हा होता तिथे ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि डोंगराकडे बघत राहिले.

"टिपणं असतील ना?" जावई म्हणाला.

"फाडली."

"डबा बघतो."

"भाजीच्या सालांत गेली," सासूबाई म्हणाल्या, "आणि कचऱ्याची गाडी मघाशीच येऊन गेली." तरीही जावई चार जिने उतरून कोपऱ्यापर्यंत धावत गेला. तिथे गाडी नव्हती. एक मांजर होतं, आणि त्याला कशाचाही पश्चात्ताप होत नव्हता.

परत येताना त्याने तळमजल्याच्या उघड्या दारातून आत पाहिलं, आणि आपण काय केलंय ते त्याला तेव्हा कळलं.

ते ड्रायव्हरकाकांचं घर. काकांनी शहर बसवर हयात घालवली होती. गच्च भरलेली बस ते चढावर अशी नेत की उभ्या माणसाचा हात दांडीवरून सुटत नसे. मग एका सकाळी त्यांचा डावा हात आणि डावा पाय संपावर गेला. तेव्हापासून ते हॉस्पिटलात होते. मंगळवारी घरी यायचे होते, चाकाच्या खुर्चीत. काकूंनी पलंग खिडकीपाशी ओढला होता. दाराचा उंबरा काढून टाकला होता. मधलं टेबल शेजारी देऊन टाकलं होतं, म्हणजे खुर्ची वळेल. घर तयार होतं. फक्त इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांच्या बाजूने उतरता रॅम्प बांधायचा, हा गेल्या सभेतला विषय होता.

रॅम्प जिथे यायचा तिथे वकीलसाहेबांची स्कूटर उभी असे. वकीलसाहेब दुसऱ्या मजल्यावरचे. स्कूटर बरीच वर्षं सुरू झालेली नव्हती, पण तिच्यावर ताडपत्री होती, आणि ताडपत्रीखालच्या वस्तूला वकीलसाहेब 'माझं वाहन' म्हणत. सभेत त्यांना बोलायची लहर आली, बोलता बोलता स्वतःच्याच बोलण्याने ते विरघळले, आणि रॅम्पला त्यांनीच पाठिंबा दिला. घरी जाऊन झोपून उठल्यावर त्यांना स्कूटर आठवली. तेव्हापासून ते जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, "तत्त्वतः माझी हरकत नाही. पण मंजूर इतिवृत्त हातात पडल्याशिवाय एक वीट हलायची नाही."

आणि इतिवृत्त नव्हतं.

"बाबा," जावई वर येऊन म्हणाला, "तुम्हाला आठवत असेलच सगळं. पुन्हा लिहून काढू. मी टाइप करतो."

"आठवतं," सासरे म्हणाले. "शब्द न् शब्द आठवतो."

"मग झालं की!"

"मला आठवतं ते माझं म्हणणं झालं. सभेचं नव्हे."

"पण तेच तर तुम्ही पहिल्यांदाही लिहिलं होतंत!"

"तेव्हा समोर टिपण होतं. वजन न ठेवता किलो सांगणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिले, जावईबापू. त्यांनाही सगळं आठवत असे."

जावयाची बायको आतापर्यंत दाराला टेकून गंमत बघत होती. ती म्हणाली, "कॉम्प्युटरवाल्याला बोलव. आणि तू कशाला हात लावू नकोस. चपलेला लाव फक्त."

कॉम्प्युटरवाल्याचं दुकान चप्पल शिवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मध्ये होतं. तो आला तो डॉक्टरसारखा आला. आधी हात पुसले, मग चष्मा चढवला, मग नातेवाइकांना विचारलं, "कधी झालं?"

"जेवणानंतर," जावई म्हणाला.

"त्यानंतर काही दिलंत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही दाबलंत का?"

"एकदा 'नाही' दाबलं."

कॉम्प्युटरवाल्याने सासूबाईंकडे पाहिलं. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेले डॉक्टर असंच बघतात. "बघू," तो म्हणाला. "जुनी प्रत ठेवायची सोय काकांनीच माझ्याकडून बंद करून घेतलीय. त्यामुळे फार आशा धरू नका."

तो बराच वेळ कुठल्या कुठल्या कप्प्यांत शिरत राहिला. सासरे खुर्ची ओढून त्याच्या मागे बसले होते. मध्येच त्याची बोटं थांबली.

"काका, रागावणार नसलात तर एक सांगतो."

"सांगा."

"मागे कधीतरी एक अपडेट आपोआप झालंय. त्याने ती बंद केलेली सोय पुन्हा चालू केली. तुम्हाला न विचारता."

"म्हणजे यंत्र माझ्या परवानगीशिवाय प्रती ठेवत होतं?"

"दर दहा मिनिटांनी."

आनंदाची बातमी आहे हे सासऱ्यांना कळत होतं, पण फसवणूक ती फसवणूक. शेवटी ते म्हणाले, "उघडा."

फाईल उघडली. जिन्यातले दिवे, टाकीचं झाकण, गच्चीची किल्ली, सगळं जागच्या जागी होतं. जावयाचा जीव भांड्यात पडला. बायकोने त्याच्या पाठीत एक धपका घातला. सासरे मात्र पडद्याजवळ चष्मा नेऊन खाली खाली जात राहिले आणि एका ओळीवर थांबले.

रॅम्पचा विषय होता. वकीलसाहेबांचं भाषण होतं, सबंध. त्याखाली शेवटची ओळ होती : 'त्यानंतर सभेने एकमताने ठरवले की'

त्यापुढे पांढरा पडदा.

"शेवटची प्रत 'नाही' दाबल्यावर गेली, ही तिच्या आधीची. पुढचं नंतरच्या दहा मिनिटांत टाइप झालेलं," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "ते ह्या प्रतीत आलं नाही."

सासरे दोन बोटांनी टाइप करत. दहा मिनिटांत त्यांच्या तीन ओळी होत. नेमक्या त्याच तीन ओळी गेल्या होत्या.

"अहो, 'रॅम्प बांधावा' एवढंच राहिलंय!" सासूबाई म्हणाल्या. "दोन तर शब्द. टाका आणि मोकळे व्हा. त्या बाईकडे बघून तरी टाका."

सासऱ्यांनी खरंच कीबोर्डवर बोट ठेवलं. जावयाने ते पाहिलं. बोट एका अक्षरावर चांगलं टेकलं, मग उचललं गेलं आणि मांडीवर जाऊन बसलं.

"तिला खाली जाऊन सांगतो," ते म्हणाले. "चला जावईबापू."

काकू खिडकीचा पडदा खालीवर करून बघत होत्या, कुठे बांधला म्हणजे पलंगावरून रस्ता दिसेल. सासऱ्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. पाल्हाळ न लावता, जसं घडलं तसं. फक्त ते सांगताना त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पण मघाशी तुम्हीच म्हणालात ना, झालं म्हणून?" काकू म्हणाल्या.

"झालं होतं."

"मी बंद केलं," जावई म्हणाला. "चूक माझी आहे."

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उंची बरी आहे तुमची," त्या म्हणाल्या. "हा पडद्याचा बार जरा वरच्या खिळ्यावर अडकवता? रॅम्प नाहीच झाला, तर ह्यांना खिडकीतनं तरी दिसायला हवं."

जावयाने बार अडकवला. हात वर होते म्हणून बरं. तोंड दिसलं नाही.

रविवारी सकाळी सभासद सासऱ्यांच्या पुढच्या खोलीत जमले. मंजुरीचा कार्यक्रम तिथेच होत असे, कारण संगणक हलवता येत नव्हता. वकीलसाहेब इस्त्रीच्या कपड्यांत आले आणि हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले. पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई हातशिलाई घेऊन आल्या. सभेत नुसतं बसून वेळ घालवणं त्यांना परवडत नसे. काकू दाराजवळ स्टुलावर बसल्या. सभासद नसलेला जावई भिंतीला चिकटून उभा राहिला.

वकीलसाहेबांना बातमी आधीच लागली होती. "कार्यवाह," ते म्हणाले, "मला वाटतं, ठरावच शिल्लक नसेल तर हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब समजावा. कायदा कायदा आहे."

"आधी वाचतो," सासरे म्हणाले. "मग काय ते समजा."

ते वाचायला लागले. त्यांचं वाचणं म्हणजे वजन मांडणं. एकेक शब्द उचलून पारड्यात ठेवायचा, तो हलायचा थांबला की दुसरा. जिन्यातले दिवे झाले. टाकीचं झाकण झालं. वकीलसाहेब घड्याळाकडे बघत होते. मग रॅम्पचा विषय आला.

"'वकीलसाहेब उभे राहिले. ते दोनदा खाकरले. ते म्हणाले : मित्रहो, पायरी म्हणजे काय? ज्यांना चढता येतं त्यांनी, ज्यांना चढता येत नाही त्यांना, दगडात दिलेला नकार म्हणजे पायरी.'"

वकीलसाहेबांनी घड्याळावरची नजर काढली.

"'आपण ह्या तीन पायऱ्या रोज चढतो आणि विसरतो. पण ज्याने अख्खं शहर चढावर नेलं, तो माणूस आज त्यांच्या खाली थांबणार असेल, तर वर राहणाऱ्या आपण सगळ्यांनी स्वतःला उंच समजू नये.'"

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले.

खोली चपापली.

"शेवटचं वाक्य पुन्हा वाचा बरं."

सासऱ्यांनी पुन्हा वाचलं. वकीलसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांचं बोलणं कुणी असं, शब्द न गाळता, उतरवून घेतलं नव्हतं. कोर्टात न्यायाधीश त्यांना 'आवरा' म्हणत, घरी सगळे जण 'बास' म्हणत. इथे त्यांचा स्वल्पविरामसुद्धा सांभाळून ठेवला होता.

"'उद्या माझेही गुडघे आहेतच,'" सासरे वाचत होते. "'उदाहरण दुसऱ्याने घालून द्यावं म्हणून वाट बघत बसणारा मी नव्हे. ह्यावर टाळ्या झाल्या. शिवणवाल्या ताईंनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या हातात सुई होती.'"

"आजही आहे," ताई मान वर न करता म्हणाल्या.

"'त्यानंतर सभेने एकमताने ठरवले की'" सासऱ्यांनी वाचलं, आणि ते थांबले.

सगळे थांबले.

"की?" वकीलसाहेब म्हणाले.

"पुढे नाही."

"नाही म्हणजे?"

"गेलं. जावयांनी संगणक बंद केला तेव्हा गेलं."

"पण असं कसं? अहो, एवढं बोलून झाल्यावर… ते वाक्य लोंबकळतंय!"

"लोंबकळतंय," सासरे म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जावयाच्या जिभेवर 'रॅम्प बांधावा' हे शब्द अगदी येऊन बसले होते. बायकोने लांबूनच डोळे वटारले आणि त्याने ते गिळले. काकू स्टुलाच्या कडेला सरकून बसल्या होत्या आणि जमिनीकडे बघत होत्या.

"राहू द्या की तसंच," शिवणवाल्या ताई दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "'वकीलसाहेब पुष्कळ बोलले आणि नंतर सगळे घरी गेले.' असं लिहा. तेही खोटं नाही."

वकीलसाहेब ताडकन उभे राहिले. ते दोनदा खाकरले.

"लिहा!" ते म्हणाले. "सभेने एकमताने ठरवले की, प्रवेशदाराच्या उजव्या अंगाला रॅम्प बांधावा. आणि त्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा."

"कठडा मागच्या सभेत नव्हता," सासरे म्हणाले.

"आता आहे. ही सभा नाही का? लिहा."

"लिहितो. पण पहिल्या सभेचा ठराव हरवला म्हणून दुसऱ्या सभेने हा केला, असं लिहीन."

"लिहा तसं. पण आधी माझं भाषण जसंच्या तसं राहिलं पाहिजे."

"ते आहेच."

इतका वेळ न बोललेल्या काकूंनी मान वर केली. "वकीलसाहेब, आणि ते तुमचं वाहन?"

वकीलसाहेबांचा चेहरा जरा उतरला. एका माणसात दोन माणसं भांडताना दिसावीत तसं क्षणभर झालं. मग भाषण करणारा जिंकला. "ते मागच्या अंगणात जाईल," ते म्हणाले. "फक्त ते सुरू होत नाही."

"ढकलू की," शिवणवाल्या ताई म्हणाल्या. "कार्यवाहांचे जावई मोकळेच आहेत."

हेही एकमताने ठरलं.

सासऱ्यांनी दोन बोटांनी सगळं टाइप केलं. कुणी उठून गेलं नाही. मग त्यांनी वाचून दाखवलं, आणि तेव्हा जावयाला पहिल्यांदा ऐकू आलं : "'सूचना लावलेली असतानाही कार्यवाहांच्या जावयांनी संगणक बंद करून चालू केल्यामुळे मूळ ठराव नष्ट झाला.'"

"'आगाऊपणे' हा शब्द घाला," वकीलसाहेब म्हणाले. "'आगाऊपणे बंद करून.' त्याशिवाय हेतू स्पष्ट होत नाही."

"अहो, पण पाटी कीबोर्डवर होती!" जावई म्हणाला. "मी माउस वापरला!"

वकीलसाहेबांनी क्षणभर विचार केला. "मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले. "वरच्या कोर्टात टिकेलही. पण तुम्ही सभासद नाही, तुम्हाला इथे बोलता येत नाही."

सासऱ्यांनी 'आगाऊपणे' घातलं. मंजूर म्हणून सगळ्यांचे हात वर झाले. जावयाच्या बायकोनेही हात वर केला. ती लग्नानंतर सभासद राहिली नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही. मग सासऱ्यांनी पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला, बोट वर केलं, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सेव्ह केलं.

दुपारी गवंडी आला. त्याआधी जावयाने स्कूटर ढकलली. तिचं मागचं चाक फिरत नव्हतं, म्हणजे ढकलली हे जरा सौम्य झालं. वकीलसाहेब ताडपत्रीचं एक टोक धरून शेजारून चालत होते आणि "हळू, रंग जाईल" म्हणत होते.

पुढच्या शनिवारी जावई आणि बायको पुन्हा आले. इमारतीच्या दाराशी नवा करडा रॅम्प होता आणि त्याला दोन्ही बाजूंना कठडा. ड्रायव्हरकाका खालून वर जायच्या बेतात होते. काकू मागे खुर्ची धरून उभ्या. काकांनी उजवा हात कठड्यावर ठेवला होता आणि ते चढाचा अंदाज घेत होते, बस नेताना घेत असतील तसा.

"पहिला टाक," ते काकूंना म्हणाले. बोलणं जड होतं, पण हुकूम स्पष्ट होता.

"इथे गिअर नाहीये," काकू म्हणाल्या.

"तरी टाक."

कठडा नसता तर ते चढले नसते. डाव्या बाजूला जोर नव्हता. उजव्या हाताने कठडा ओढत, मागून काकूंचा रेटा घेत ते वर गेले. वर गेल्यावर त्यांनी मागे वळून उताराकडे बघितलं, बाकीची वाहनं येतायत का ते पाहावं तसं, आणि आत गेले. वरच्या गॅलरीतून वकीलसाहेब म्हणाले, "कठडा मी सुचवला!" आणि ते खरंच होतं.

सासरे दाराशी उभे राहून हे सगळं बघत होते. जावई हळूच त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, इतकी चांगली वेळ पुन्हा यायची नाही.

"बाबा," तो म्हणाला, "जे झालं ते बऱ्यासाठीच झालं म्हणायचं. पहिल्या ठरावात कठडा नव्हताच. तर इतिवृत्तातलं ते माझ्याबद्दलचं… निदान तो 'आगाऊपणे' तेवढा शब्द… काढता येईल का?"

सासऱ्यांनी आधी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आता सेव्ह झालंय."